उपजत म्हंजे काय?

गेल्या पावसाळ्यात आपल्यातल्याच एका पोराच्या कवितासंग्रहाचं प्रकाशन झालं. पोराचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. अध्यक्ष म्हणून एक नावाजलेले समीक्षक आले होते. माणूस वाईट नाही. पदरचं भाडं मोडून आले, हार घेतला नाही, आणि मुख्य म्हंजे पुस्तक वाचून आले होते. तासभर बोलले. मी त्यांचे शब्द वहीत टिपत होतो. घरी येऊन मोजले. ‘उपजत’ सात वेळा, ‘अस्सल’ अकरा, ‘रांगडी’ पाच. शिवाय ‘रक्तात’, ‘मातीत’, ‘आतड्यातून’, ‘आपसूक’ हे किरकोळीत. शेवटी म्हणाले की या कवितेला कुठल्याही संस्काराचा स्पर्श झालेला नाही आणि तेच तिचं बळ आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवायला लागलो. दोन वाजवल्या आणि हात थांबले, कारण मला ती वही आठवली.

ती वही मी बघितलेली आहे. दोनशे पानी, कव्हर गेलेली. अध्यक्षांनी जी कविता दोनदा वाचून दाखवली तिचे त्या वहीत सात खर्डे आहेत. पहिल्या खर्ड्यात सव्वीस ओळी, शेवटच्यात नऊ. एका ठिकाणी एकच क्रियापद चार वेळा खोडून पुन्हा तेच लिहिलेलं आहे. समासात भलत्याच कवींच्या नावांची यादी, कोण कुठं ओळ तोडतो याच्या खुणा. ही कविता आपसूक आलेली नाही. गोदामात रात्रपाळी करून पहाटे दिव्याखाली बसून आणलेली आहे. आणि स्टेजवर बोलायची वेळ आली तेव्हा हाच पोरगा काय म्हणाला? “मला काय यातलं कळत नाही, आपोआप सुचतं.”

मित्रांनो, समीक्षकाचं सोडा. या पोरानं आपली वही का लपवली, ते मला शोधायचं होतं. म्हणून मी ते शब्दच धरून बसलो. शब्दाला उलटापालटा केला की त्याच्या बुडाखाली काय चिकटलंय ते दिसतं.

‘उपजत’ हा शब्द साधा आहे. उपजणं म्हंजे जन्मणं. पालीत ‘उप्पज्जति’ म्हणतात, वंदनेला बसणाऱ्यांच्या कानाला तो परका नाही. शेतात कोंब उपजतो, मनात शंका उपजते. शब्दाची चूक काही नाही. पण त्याचे भाऊबंद बघा. जन्मजात. जात्याच. जातिवंत. ‘हा पोरगा जात्याच हुशार’ असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. ‘जात्या’ ही संस्कृतातल्या ‘जाति’ शब्दाची तृतीया आहे. जात्याच म्हंजे जातीनंच. घोडा जातिवंत, गवई जातिवंत, कवीही जातिवंत. मराठीत एखाद्याच्या अंगच्या गुणाचं कौतुक करायला निघालं की चार पावलांवर जात आडवी येते. कौतुक करणाऱ्याच्या मनात ती नसेलही. पण तिला मनात असायची गरज काय? ती शब्दात आहे की.

इथं एक गंमत सांगून टाकतो. दळायच्या जात्याचा या जातीशी काही संबंध नाही. ते ‘जातं’ यंत्र या शब्दावरून आलं. म्हंजे ‘जात्याच’ आणि ‘जात्यावर’ हे कानाला सख्खे वाटतात, पण एक जन्मावरून आलाय आणि दुसरा यंत्रावरून, कामावरून. आपल्या आयाबायांनी ओव्या रचल्या त्या जात्यावर, जात्याच नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्याही आहेत. त्या ओव्यांना ‘उत्स्फूर्त’ म्हणायची पद्धत आहे. पहाटे तीनला उठून रोज दळायचं, आईची ओवी ऐकायची, तिच्यात आपला शब्द घालायचा, सासूनं हसलं की बदलायचा, दहा वर्षांनी ती ओवी लेकीला द्यायची. याला उत्स्फूर्त म्हणायचं असेल तर तालमीत वीस वर्षं घालवलेल्या गवयालाही म्हणा!

आता ‘प्रतिभा’. मोठा शब्द. भा म्हंजे चमकणं, प्रतिभा म्हंजे समोर लख्खकन दिसणं. इथपर्यंत ठीक. पण ही चमक येते कुठून, असं संस्कृत काव्यशास्त्राला विचारलं की उत्तर बघण्यासारखं आहे. वामन म्हणतो, कवित्वाचं बीज म्हंजे मागच्या जन्मातून आलेला एक विशेष संस्कार. दंडी पूर्वजन्मीची वासना म्हणतो. राजशेखर प्रतिभेचे प्रकार पाडतो, त्यातली ‘सहजा’ म्हंजे पूर्वजन्माच्या संस्कारावर उभी असलेली. या लोकांनी बारकाईनं विचार केलेला आहे, ते मी नाकारत नाही. दंडीनं तर एक खिडकीही उघडी ठेवली : उपजत देणं नसलं तरी अभ्यासानं आणि कष्टानं वाणी काही ना काही पदरात टाकतेच, असं तो म्हणतो. मम्मट शक्तीच्या जोडीला व्युत्पत्ती आणि अभ्यास दोन्ही मागतो, आणि तिन्ही मिळून एकच कारण असं बजावतो. राजशेखर बायकाही कवी होऊ शकतात असं म्हणतो.

पण मूळ गाठ तशीच राहिली. अंगचा गुण हा मागल्या जन्माचा साठा. ज्या हिशेबानं तुम्ही महारवाड्यात किंवा मांगवाड्यात जन्मलात, त्याच हिशेबानं दुसरा कवी म्हणून जन्मला. एकाच खातेवहीतल्या या दोन नोंदी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मागल्या जन्माच्या कर्माचा हा हिशेब तपासला आणि तो बुद्धाचा नाही म्हणून बाजूला काढला. ग्रंथ १९५७ साली आला. आपण जन्माची ती खातेवही टाकली आणि कवितेची मात्र सांभाळून ठेवली, असं झालंय. ‘दैवी देणगी’, ‘ईश्वरी देणं’ हे शब्द आपल्याच जयंतीच्या पत्रकांत, आपल्याच गायकांबद्दल मी वाचलेत. बाबासाहेबांबद्दलसुद्धा वाचलेत! कोलंबियात आणि लंडनमध्ये ज्या माणसानं खाणं कमी करून ग्रंथालयात दिवस काढले, ज्यानं पुस्तकांना जागा हवी म्हणून राजगृह बांधलं, त्याच्या बुद्धीला दैवी म्हणणं म्हंजे त्याची ती सगळी वर्षं पुसून टाकणं.

आणि तो ‘संस्काराचा स्पर्श नाही’वाला मुद्दा. हा फार जुना आहे. ज्याच्यावर संस्कार झाला ते संस्कृत, जे प्रकृतीनंच आहे ते प्राकृत. नैसर्गिक, न घडवलेलं, याला आपल्या देशातला जुना शब्द ‘प्राकृत’. पण याच शब्दाचा संस्कृतात दुसरा अर्थ हलका, सामान्य, अडाणी असा. प्राकृत जन म्हंजे ऐरेगैरे. नाटकात राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलणार, बायका आणि नोकरचाकर प्राकृत. ‘मृच्छकटिका’तले चांडाळही प्राकृतच बोलतात. बाराव्या शतकातला हेमचंद्र सांगतो की प्राकृताची प्रकृती, म्हंजे मूळ, संस्कृत आहे. त्याच्या आधी, अकराव्या शतकात, रुद्रटाच्या ग्रंथावर टीका लिहिणारा नमिसाधू नेमकं उलटं सांगून गेला : व्याकरणाचा संस्कार न झालेली, सगळ्या माणसांची सहज बोली ती प्राकृत, आणि तिच्यावर संस्कार करून संस्कृत झालं. दोघेही जैनच. म्हंजे भांडण धर्माधर्माचं नव्हे. मूळ कोणतं आणि उपज कोणती याचं भांडण आहे. ज्याच्या हातात ‘मूळ’ हा शब्द, त्याच्या हातात मान.

याही आधीची एक गोष्ट विनयपिटकात आहे, चुल्लवग्गात. यमेळ आणि तेकुल नावाचे दोन भिक्खू, भाऊ भाऊ, जन्मानं ब्राह्मण, वाणी गोड. ते भगवंताकडे तक्रार घेऊन गेले की नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांतले लोक संघात आलेत आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतायत, तर आम्ही ते छंदात घालतो. भगवंतांनी त्यांनाच खडसावलं आणि ज्याच्या त्याच्या बोलीत शिकायला परवानगी दिली. बुद्धघोषानं पुढं त्याचा अर्थ भगवंतांची स्वतःची मागधी असा लावला, त्यावर पंडित अजून भांडतायत. मला यात एवढंच दिसतं की ‘यांच्या बोलीनं बिघडतं’ ही तक्रार त्या दोघांची होती. तुमची बोली रांगडी आहे म्हणूनच छान, असं भगवंत म्हणालेले नाहीत. त्यांनी शिका म्हटलं. बोली तुमची, पण शिकणं आहेच.

‘अस्सल’ हा शब्द दुसऱ्या वाटेनं आला. अरबीत अस्ल म्हंजे मूळ, बूड. दफ्तरात अस्सल आणि नक्कल, कोर्टात अस्सल प्रत. इथवर कागदाची गोष्ट आहे. पण अस्सलाचा विरुद्ध शब्द आठवा : कमअस्सल. कागदाला कोणी कमअस्सल म्हणत नाही, माणसाला म्हणतात. ज्याच्या जन्मात खोट, ज्याच्या बापाचा पत्ता नाही, तो कमअस्सल. शेकडो वर्षं आपल्याला कमअस्सल म्हणणाऱ्यांनी आता अस्सल म्हणायला सुरुवात केली, म्हणून आपण खूश. शब्दाचं टोक उलटं झालं, पण मोजपट्टी तीच, रक्ताची. आणि अस्सल म्हणणाऱ्याच्या हातात नेहमी एक अधिकार राहतो. उद्या तुम्ही कादंबरीत आगगाडी, बँक, विमानतळ आणलात, की तो म्हणणार, आता यांच्यात ती पूर्वीची अस्सलता राहिली नाही.

‘रांगडा’ आणि ‘गावरान’वर फार वेळ घालवत नाही. गावरान कोंबडी, गावरान तूप, गावरान भाषा. शहरातल्या माणसानं बाजारात मागायचे हे शब्द आहेत. कोंबडी स्वतःला गावरान म्हणत नाही.

‘कसब’ मात्र सोडवत नाही. तोही अरबीच. कसब म्हंजे कमावणं, मिळवलेलं. जन्मानं आलेलं नव्हे, हातानं कमावलेलं. आपल्याला हवा तो शब्द हाच, असं वाटतं ना? बघा त्याचं काय केलं. कसबी कारागीर इथपर्यंत तो शाबूत राहिला. आणि बाईला लावला तेव्हा कसबीण झाला, म्हंजे वेश्या. जिनं गाणं-नाचणं मेहनतीनं कमावलं आणि त्यावर पोट भरलं, तिला शिवी. समीक्षेतही तेच. ‘हा कलावंत नाही, कारागीर आहे’ हे वाक्य मराठीत निंदा म्हणून चालतं. म्हंजे ज्यानं हातानं कमावलं तो दुय्यम आणि ज्याला जन्मानं मिळालं तो थोर. ज्या समाजानं हातानं काम करणाऱ्याला खाली बसवलं त्याच्या भाषेत दुसरं काय निघणार?

माझे मामा हलगी वाजवायचे. लोक म्हणायचे, वाजवणं यांच्या रक्तात आहे. मामांनी मला सहाव्या वर्षी शिकवायला घेतलं. आधी दोन महिने हलगीला हात लावू दिला नाही. तोंडानं बोल म्हणायचे, मांडीवर वाजवायचे. चुकलं की काडी बोटाच्या पेरावर. मग हलगी शेकायला शिकवली. जाळ किती, किती लांब धरायची, कातडं कधी बोलायला लागतं. जास्त शेकली तर फाटते, कमी शेकली तर भद्द वाजते. चार वर्षांनी मामा म्हणाले, तुझ्या हातात नाही, तू शाळा शिक. मी त्यांचा सख्खा भाचा. रक्त तेच! रक्तात असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो, कुठंतरी वाजवत असतो.

असंच अण्णा भाऊंचं केलंय. वाटेगावचा माणूस, दीड दिवस शाळेत गेला आणि तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. हे वाक्य आपण सगळे भाषणात वापरतो. दीड दिवसावर टाळ्या मिळतात. पण उरलेल्या दिवसांचं काय? बापू साठे यांच्या तमाशात जे शिकले ते? मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं पक्की केली असं सांगतात, ते? गिरणीतली मजुरी, कम्युनिस्ट चळवळीतली वाचनं, गॉर्की, १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर काढलेलं लाल बावटा कलापथक, रात्रीमागून रात्री लोकांसमोर उभं राहून कुठं हशा येतो, कुठं शांतता पडते याचा घेतलेला हिशेब? हे सगळं विद्यापीठच होतं, फक्त त्याच्या दारावर पाटी नव्हती. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लेखणीला! अर्पण करणाऱ्याला आपण कशाचं देणं लागतो ते नेमकं माहीत होतं. दीड दिवस सांगून आपण त्यांना चमत्कार करून टाकतो, आणि चमत्कारापासून कुणाला काही शिकता येत नाही.

‘जन्मजात’ या शब्दाची दुसरी बाजूही बघून घ्या, म्हंजे तो किती स्वस्तात कुठंही लागतो ते समजेल. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पोर जन्मलं की गुन्हेगार. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का अजून आहे. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं. त्यात पोरांना चोरी कशी शिकवतात, मार कसा खायला शिकवतात, ते वाचा. म्हंजे चोरीसुद्धा उपजत नाही, शिकवावी लागते! सरकारनं ज्याला जन्माचा गुण म्हटलं तो आत बघितलं तर भुकेनं काढलेला क्लास निघतो. आणि असं पुस्तक लिहिणाऱ्याला पुन्हा ‘उपजत लेखक’ म्हणायचं. काल जन्मजात चोर, आज जन्मजात लेखक. मध्ये त्या माणसानं काय काय केलं त्याची नोंद दोन्ही वेळा कोरी.

गिरणीतली गोष्ट तर सगळ्यांनी पाठ करावी. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, आणि तिथं अस्पृश्यांना घेत नव्हते. कारण काय? धोट्यात धागा ओवताना तो तोंडानं ओढायला लागायचा, आणि आपल्या थुंकीनं बाटलेला धागा सवर्ण विणकर तोंडात कसा घेणार! बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या संपात मांडला. आता समजा त्या वेळी एखाद्यानं पाहणी केली असती, तर त्याला काय दिसलं असतं? अमक्या जातीचे लोक विणकामात तरबेज, तमक्या जातीचे नाहीत. झाला सिद्धांत : विणणं यांच्या रक्तात, झाडणं त्यांच्या रक्तात. आणि सगळा फरक एका धाग्याच्या टोकावर, ओल्या थुंकीएवढा.

म्हणून मला एकलव्याच्या गोष्टीत एकच जागा महत्त्वाची वाटते. आपल्या कवींनी त्याच्यावर ढिगानं लिहिलंय, बरंचसं रडकं. पण द्रोण हुशार होता. विद्या रक्तात नाही, अंगठ्यात आहे हे त्याला बरोबर माहीत होतं. रक्तात असती तर अंगठा कापून काय उपयोग होता?

आणि बघा, हा उपजत गुण आपल्या वाट्याला येतो तरी कुठं? गाण्यात, कुस्तीत, शिवीत, दुःखात. नोकरीची जागा, मेडिकलचा प्रवेश आला की तिथं आपला उपजतपणा संपतो आणि त्यांची ‘गुणवत्ता’ सुरू होते. १९९० साली मंडलच्या वेळी रस्त्यावर बूटपॉलिश करून दाखवणाऱ्या पोरांना वाटत होतं की बूट पुसणारा तसाच जन्मतो आणि डॉक्टर तसाच जन्मतो. शिकवणीची फी, घरातलं टेबल, बापाची ओळख हे सगळं त्यांच्या गुणवत्तेत विरघळून जातं, दिसत नाही. आपली खाडाखोड आपल्या ‘रांगडेपणा’त विरघळते तशीच.

आता आपल्या लोकांबद्दल. दुसऱ्याला धुतलं आणि घरचं झाकलं असं नको. हे शब्द आपण अंगावर मिरवायला लागलोय. परवा एका तरुणानं कविता दाखवली. मी म्हटलं, शेवटच्या चार ओळी सैल आहेत, काढ. तो म्हणाला, “नाय दादा, राहू दे, ते अस्सल आहे.” सैल ओळ अस्सल कशी? शुद्धलेखनाची चूक म्हंजे विद्रोह नव्हे. शिवी जिथं बसते तिथं ती तलवार असते, जिथं बसत नाही तिथं ती खोकल्यासारखी असते. ‘गोलपिठा’ १९७२ साली आलं त्यानंतर शिव्या घालणारे शेकडो झाले, नामदेव एकच राहिला, कारण टॅक्सी चालवता चालवता तो माणूस वाचत होता, ऐकत होता, शब्द तोलत होता. पांढरपेशांना आपण न घडवलेले हवे आहोत, कारण न घडवलेला माणूस बरोबरीनं वाद घालत नाही. ते अनुभव आपल्याकडून घेणार, कच्चा माल म्हणून, आणि विचाराचं कापड तिकडं विणणार. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जायचा तसा.

तर मी त्या पोराकडे गेलो. त्याला विचारलं, तू वही का लपवलीस? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सात वेळा लिहिली म्हटलं तर म्हणतील, याला येत नाही. त्यांच्या पोरांनी सात वेळा लिहिलं तर साधना, आपण लिहिलं तर ढ.” मला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. त्याची आई आत भाकरी करत होती, ती तिथूनच म्हणाली, “मग पहिली भाकर कुणाची गोल झाली होती रं?”

मी त्याच्यापुढं एक गोष्ट ठेवली आहे. या अंकाच्या पुढच्या अंकात त्या वहीचं एक पान छापायचं. सव्वीस ओळींचा पहिला खर्डा आणि नऊ ओळींचा शेवटचा, समोरासमोर, खाडाखोडीसकट. ते चार वेळा खोडलेलं क्रियापदही दिसलं पाहिजे. तो हो म्हणालेला नाही. नाही पण म्हणालेला नाही. बघतो म्हणालाय, आणि आधी तो पहिला खर्डा जरा नीट लिहून काढतो म्हणालाय. मी म्हटलं, त्याला हात लावलास तर याद राख.